खाली सही सिंटची

ऑक्टोबरात चिठ्ठ्या मी केल्या.
लोकरी टोपीत नऊ नावं, नऊ घड्या,
आणि सीब्रेनसमोर टोपी धरताना
एक घडी बोटानं जरा वर सरकवली.
बाकीचं विचारू नका.
बहिणींना असं थोडंफार येतं.

मग पाच डिसेंबर. हार्लिंगेनला साडेचारलाच काळोख,
बंदरावरून खारट होऊन आलेला वारा,
शेगडीपाशी पोरांचे बूट, बुटांत सिंटच्या घोड्यासाठी गाजरं
(एक माझ्या मुलीनं अर्धं खाल्लेलं),
वाटाण्याचं सूप, चमचा उभा राहील इतकं दाट,
आणि ज्याच्या त्याच्या ताटलीत
ज्याच्या त्याच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर.
एस दुकानात सगळ्यांत आधी संपतो;
सीब्रेनसाठी तीन दुकानं पालथी घातली.
आय दिसतो काटकुळा, एम ऐसपैस,
पण तराजूत टाका, सारखेच भरतात.
आई म्हणायची, चॉकलेटवाल्याला जमतं
ते मलाच कसं जमलं नाही.

टेबलाच्या दोन टोकांना माझे दोन भाऊ,
मध्ये अकरा वर्षांचा अबोला.
मिठाची वाटीसुद्धा माझ्या हातून जाते.
कारण एक मालवाहू होडी, बाबांची, 'यांटिना',
जी डाउवेनं एका मंगळवारी विकली
आणि सीब्रेनला बुधवारी कळलं,
तेही पेट्रोल पंपावर.

दार धडाधड वाजलं.
शेजारचा हिड्डे; दरवर्षी तोच,
दरवर्षी पोरं दचकतात.
उंबऱ्यावर पोतं, फरशीवर मसाल्याच्या बिस्किटांचा सडा.

आमच्याकडे भेटीबरोबर कविता येते,
यमक जुळवलेली, चिमटे काढणारी,
आणि ज्याला मिळाली त्यानंच ती
उभं राहून मोठ्यानं वाचायची.
खाली सही सिंटची.
कुणी लिहिली, हे विचारायचं नाही.

डाउवेच्या वाट्याला आली एक होडी:
वर्तमानपत्राच्या लगद्याची, ओबडधोबड,
नाकाडावर रंगवलेलं नाव, अजून ओलसर.
त्यानं चष्मा लावला. घसा साफ केला.
स्वतःच्याच आवाजात वाचू लागला:

"डाउवेचा हिशेब चोख, पैसा पैसा मोजला;
वजाबाकीत भाऊ गेला, तो कुणी ना शोधला.
होडी विकली, दोर विकला, विकली तिची घंटा;
विचारायचं राहून गेलं, एवढाच होता तंटा.
सिंट म्हातारा, छपरावरून सारं त्याला दिसतं:
दोन घरांत रात्री दोनला दिव्याचं जागरण असतं.
शिडाला लागतो वारा आणि सुकाणूला हात;
सिंट विचारतो, येत्या रविवारी तू..."

आणि कागद संपला.
पुढे नुसती टिंबं.

यमक अर्धं राहिलं की पोरांना राहवत नाही.
"रात!" "वात!" "दात!" ओरडला धाकटा योर्न,
ज्याचा एक नुकताच पडला होता.
सगळे हसले. मी सूप ढवळत राहिले,
खाली लागायचं काही कारण नव्हतं तरी.
सीब्रेन आपल्या एसचं शेपूट
नखानं उगाच खरवडत बसलेला.

डाउवेनं होडी फोडली.
आत लोकरीचे मोजे, राखाडी,
पंचेचाळीस नंबरच्या पायाचे.
माप बरोबर. ते त्यानं बराच वेळ हातात धरले.
मग कागदाची घडी घातली, खिशात ठेवली,
आणि बशीकडे बघत म्हणाला,
"अक्षर फार वाईट आहे या सिंटचं."

टेबलाच्या त्या टोकावरून,
माझ्यामार्फत नव्हे,
उत्तर आलं:
"म्हातारा झालाय. हात कापतो त्याचा."

योर्न अजून ओरडत होता, "भात! लाथ! सात!"
मी त्याला गप्प केलं नाही.